भिंतीतले भोक

मसुरे गाव गड नदीच्या काठी आहे. इथे पुष्कळ घरे चिऱ्याची. चिरा म्हणजे जांभा दगड. तो दिसतो घट्ट, पण त्याच्या अंगाला बारीक छिद्रे असतात. पावसाळ्यात तो पाणी पितो. अशा भिंतीतून विजेची तार न्यायची, तर फार काळजी घ्यावी लागते. मी ती घेतली नाही. काय झाले ते सांगतो.

आमच्या मागल्या पडवीत दिवा हवा होता. एका ओळखीच्या मुलाकडून मी काम करून घेतले. पैसे वाचले म्हणून खूश झालो. त्याने चिऱ्याला भोक पाडले, तार तशीच आरपार घातली आणि उरलेल्या फटीत चिंधी कोंबली. उन्हाळाभर दिवा छान लागला. आषाढात एका संध्याकाळी सून अनवाणी पडवीत उभी होती. तिने भिंतीला हात टेकला आणि ती किंचाळली,

“मामंजी, भितीक हात लायलंय नि झिणझिण्यो इल्यो!”

मी धावत जाऊन आधी मेन स्विच बंद केला, मग तिच्याजवळ गेलो. थोडक्यात निभावले.

दुसऱ्या दिवशी परवाना असलेला वायरमन आणला. त्याने चिंधी ओढून पिळली, तर पाणी गळाले. चिऱ्याच्या धारेने तारेचे आवरण खरवडले होते. तांबे उघडे पडले होते. ओल्या चिंधीतून वीज भिंतीत उतरली होती.

“मग फ्यूज का उडाला नाही?” मी विचारले.

“गुरुजी, फ्यूज उडूक कित्येक अँपिअर लागतत. माणसाक मारूक त्याचो शंभरावो वाटो पुरे.”

मी जन्मभर मुलांना शिकवले. त्या दिवशी मी शिकलो. मग त्याने काम कसे केले, ते क्रमाने पाहा.

१. आधी मेन स्विच बंद केला. वीज खरोखर गेली की नाही, हे तपासले. घरातली वीज २३० व्होल्टची असते. तिच्याशी खेळ नको.

२. भोक वळचणीखाली पाडले, पावसाच्या माऱ्याच्या बाजूला नाही. वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो. २०२१ च्या मे महिन्यातले तौक्ते वादळ आपण विसरलेलो नाही.

३. भोकाला बाहेरच्या बाजूस उतार दिला. नऊ इंची भिंतीत बाहेरचे तोंड अर्धा इंच खाली. म्हणजे पाणी घरात येत नाही.

४. भोकात प्लास्टिकचा कडक पाइप बसवला. त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. पाइप आणि चिरा यांमधली फट सिमेंटने भरली.

५. पाइपातून दुहेरी आवरणाची अखंड केबल नेली. भिंतीच्या आत जोड कधीही देऊ नये.

६. बाहेर पाइपाच्या तोंडाखाली केबलला झोळ ठेवला. तारेवरून येणारे पाणी झोळाच्या तळाशी जाते आणि पागोळीसारखे गळून पडते.

७. शेवटी पाइपाची तोंडे सिलिकॉनने बंद केली. चिंधी पाणी शोषते. सिमेंट भरले तर केबल पुढे बदलता येत नाही. सिलिकॉन मात्र कापून काढता येते. मुंग्या आणि पालीही आत शिरत नाहीत.

त्याने अर्थिंग तपासले आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवला. वीज भिंतीत किंवा माणसाच्या अंगात गळू लागली, की तो क्षणात बंद होतो. त्यावर ‘टेस्ट’चे बटण असते. महिन्यातून एकदा मी ते दाबतो. स्विच पडला, की समजावे, राखणदार जागा आहे.

तुमच्या घरीही अशी भोके असतील. पावसाआधी ती बघून घ्या, पण हात लावू नका. चिंधी दिसली, तर वायरमनला बोलवा. ओली भिंत झिणझिणली, तर ‘जरासेच झाले’ म्हणून सोडून देऊ नका.

सांगा पाहू

१. चिऱ्याची भिंत ओली का राहते?
२. भोकाचा उतार कोणत्या बाजूला हवा?
३. फ्यूज असूनही सुनेला झटका का बसला?
४. घरातल्या कोणाला झटका बसला, तर तुम्ही आधी काय कराल?