एलिस काउंटीत बाग करायची आहे?

डॅलसच्या दक्षिणेला एलिस काउंटीत मोठं आवार घेऊन येणारे आपले लोक पहिल्या पावसानंतर बाहेर फिरून येतात, बुटांना चिकटलेला चिखल काठीने खरवडतात आणि म्हणतात, "अरे, ही तर आपलीच काळी!" म्हणणं खोटं नाही. इथली 'ह्यूस्टन ब्लॅक' आणि विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळी, दोन्ही व्हर्टिसॉल या एकाच गणात मोडतात. पाणी पिऊन फुगतात, वाळून भेगाळतात. एलिस काउंटीही एकेकाळी कापसावरच श्रीमंत झाली. वॉक्सहॅचीतली जुनी नक्षीदार लाकडी घरं त्या काळातली. त्यामुळे माती ओळखीची आहेच. फसवतं ते इथलं वेळापत्रक, असं इथे रुळलेल्या आमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांचं मत आहे.

देशावर मे महिन्यात जमीन भेगाळते आणि जूनमध्ये पाऊस त्या भेगा बुजवतो. इथे उलटं. मुख्य पाऊस एप्रिल-मे महिन्यांत, मग जुलै-ऑगस्टमध्ये पारा शंभर फॅरनहाइटच्या वर आणि आभाळ कोरडं. मनगट जाईल एवढ्या भेगा तेव्हा पडतात. पुढचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे पावसावर भेंडी लावू म्हणाल तर भर उन्हाळ्यात नळावरच यावं लागेल.

साधारण मार्चच्या मध्यापर्यंत रात्री गोठणारी थंडी पडते, आणि पुन्हा नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास ती येते. टोमॅटोची रोपं मार्चअखेर जमिनीत गेलीच पाहिजेत, कारण रात्री गरम झाल्या की फूल येतं पण फळ धरत नाही. भेंडी, गवार, चवळी, दोडका, वांगी यांना मात्र हा उन्हाळा मानवतो. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा सप्टेंबरअखेरीपासून. ही इथली रब्बी समजा, फक्त कडक थंडीच्या रात्री अंथरायला जुन्या चादरी हाताशी ठेवा. कढीपत्ता आणि मोगरा कुंडीतच बरे. फेब्रुवारी 2021च्या थंडीत डॅलसला पारा उणे 19 सेल्सिअसच्या आसपास गेला होता. बाहेर राहिलेला कढीपत्ता कुणाचाच वाचला नाही.

आता वाफसा, म्हणजे माती खणण्याजोगी ओल. ज्यांच्या घरी शेती होती त्यांना हे सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधून आलेल्यांना सांगावंच लागतं. मूठभर माती दाबा. गोळा चिकट राहिला तर फावडं ठेवून द्या, बोटाने सहज फुटला तर कामाला लागा. ओल्यात खणलेली ढेकळं वाळून दगड होतात आणि पुढचा हंगाम वाया जातो. वसंतातल्या पावसात वाफसा दोन-तीन दिवसच टिकतो, आणि ते दिवस नेमके ऑफिसचे निघतात. म्हणून आमच्यापैकी बरेच जण वाफे शरद ऋतूतच तयार करून पालापाचोळ्याने झाकून ठेवतात.

ही माती आपल्याकडच्या काळीसारखी बेसाल्टची नाही, खडू आणि मार्लच्या खडकांतून झालेली आहे. चुना मुबलक, सामू बहुधा 8च्या आसपास. म्हणून जास्वंदीला, अनंताला केवडा पडतो: पान पिवळं, शिरा हिरव्या. लोह मातीत असतं, झाडाला मिळत नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह अशा जमिनीतही लागू पडतं. चुना, चुलीची राख अजिबात घालू नका. चिकणमाती 'हलकी' करायला वाळू घालायचा सल्ला शेजारी हमखास देतील. थोड्या वाळूने विटेसारखा कठीण थर तयार होतो. कंपोस्ट घाला, जमलं तर भाजून फुगवलेली शेल. उंच वाफ्यांबद्दल आमच्यात दोन तट आहेत: पावसाळी आठवड्यात मुळं कुजत नाहीत हे खरं, पण ऑगस्टमध्ये तेच वाफे दिवसातून दोनदा पाणी मागतात.

सगळी काउंटी काळी नाही. पश्चिमेला मिडलोथियनकडे पांढरा खडू वर येतो (तिथले सिमेंटचे कारखाने त्यावरच उभे आहेत), आणि वीतभर मातीखाली कुदळ खडकावर वाजते. पूर्वेला ट्रिनिटी नदीकाठी पुराची जमीन. घर घेण्याआधी केंद्रीय कृषी खात्याच्या 'वेब सॉइल सर्व्हे'त पत्ता टाकून आवाराचा नकाशा पाहा. तो फुकट आहे.

हीच फुगणारी माती घराच्या पायाखालीही असते. एका बाजूला ओल, दुसरीकडे भेगा, असं झालं की स्लॅब तिरपा होतो, दारं अडकतात. उन्हाळ्यात पायापासून दीड फुटावर पाझरणारी नळी टाकून सगळीकडून सारखं पाणी द्या, आणि मोठं झाड भिंतीला लागून लावू नका.

चिकणमातीत सांडपाण्याचा साधा शोषखड्डा चालत नाही, म्हणून मोठ्या आवारांत पुष्कळदा एरोबिक सेप्टिक असतं आणि प्रक्रिया केलेलं पाणी फवाऱ्याने हिरवळीवर पडतं. हे फवारे कुठे आहेत ते पहिल्याच आठवड्यात शोधा. त्यांच्या टप्प्यात भाजी लावायची नाही. खोल खणण्याआधी 811ला फोन करा, गॅसच्या-विजेच्या वाहिन्यांवर खुणा करून देतात. मातीचा नमुना कॉलेज स्टेशनला टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. तो शरद ऋतूत पाठवा, म्हणजे मार्चच्या लागवडीआधी खताचा हिशेब हातात असेल.