रस्त्यावरून वाचलेलं अर्थकारण

प्रश्न : आम्ही दोघं गाडीनं दक्षिण स्पेन फिरणार आहोत. तिथलं स्थानिक अर्थकारण जाता-जाता कसं ओळखावं?

उत्तर : महामार्ग सोडा. ग्रानादाहून हाएनकडे जाताना टेकड्यांवर ऑलिव्हशिवाय फारसं काही दिसत नाही. गावच्या सहकारी तेलघाण्यावर थांबा आणि पावसाबद्दल विचारा. 2022-23च्या दुष्काळी हंगामात स्पेनचं ऑलिव्ह तेलाचं उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहून खाली आलं होतं; एकाच पिकावर विसंबलेल्या प्रांताचं काय होतं, हे तिथे नीट कळेल. उन्हाळ्यात गावं सुस्त दिसतील, पण ती मंदी समजू नका, काढणी हिवाळ्यात असते. दुपारी बंद दुकानांबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

मग अल्मेरियाला उतरा. एल एहिदोसह या प्रांतात 30 हजार हेक्टरांहून जास्त जमीन प्लॅस्टिकच्या हरितगृहांखाली आहे. टोमॅटो, ढोबळी मिरची उत्तर युरोपात जाते. मी तिथे पिकांपेक्षा माणसांकडे बघायला सांगेन : कामावर सायकलनं निघालेले मजूर बरेचसे मोरोक्को आणि पश्चिम आफ्रिकेतले. घरी पैसे पाठवण्याची दुकानं दिसली, तर पाटीवर कोणत्या देशांची नावं आहेत तेही वाचा.