लवंगेचे तेल

रात्रीच्या वेळी एखाद्याची दाढ ठणकू लागते. झोप येत नाही, घास चावता येत नाही. अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे मसाल्याच्या डब्यातून एक लवंग काढून ती दाढेखाली धरावयास सांगतात. थोड्या वेळाने ठणका कमी होतो. हा गुण लवंगेच्या अंगी असलेल्या तेलाचा होय.

लवंग म्हणजे एका सदाहरित वृक्षाची न उमललेली, वाळविलेली कळी. या वृक्षाचे मूळ स्थान इंडोनेशियातील मोलुक्का बेटे हे होय. भारतात त्याची लागवड मुख्यतः तामिळनाडू, केरळ व कर्नाटक या राज्यांत होते.

तेल काढण्यासाठी लवंगांमधून पाण्याची वाफ सोडतात. त्या वाफेबरोबर तेलही वाफरूपाने बाहेर पडते. ती वाफ थंड केली म्हणजे पाणी व तेल वेगळे होते. पुष्कळ तेले पाण्यावर तरंगतात. हे तेल मात्र पाण्याहून जड असल्यामुळे तळाशी जाते. चांगल्या लवंगांत शेकडा १५ ते २० भाग तेल असते.

या तेलातील मुख्य द्रव्यास युजेनॉल असे म्हणतात. त्याच्या योगाने मज्जातंतू काही काळ बधिर होतात व कित्येक सूक्ष्म जंतूंची वाढ खुंटते. दंतवैद्य युजेनॉलमध्ये झिंक ऑक्साइडची पूड कालवून किडलेल्या दाताची पोकळी तात्पुरती बुजवितात. दंतमंजने, साबण व अत्तरे यांतही लवंगेच्या तेलाचा उपयोग करतात.

परंतु वेदना थांबली म्हणजे रोग बरा झाला, असे नव्हे. वेदना ही शरीराची पहारेकरी आहे. पहारेकऱ्याची हाक बंद झाली, तरी चोर घरातून गेलेला नसतो. तसेच दाढ दुखावयाची थांबली, तरी आतील कीड वाढतच असते.

दुसरी गोष्ट अशी, की हे तेल अतिशय तीव्र असते. ते तसेच लावल्यास हिरडी पोळते. लहान मुलाच्या पोटात ते एक-दोन चमचे जरी गेले, तरी त्याला आकडी येण्याचा, त्याची शुद्ध हरपण्याचा व यकृतास इजा होण्याचा धोका असतो. म्हणून या तेलाची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी.

थेंबाने जे औषध, तेच चमच्याने विष ठरते. दाढ दुखल्यास लवंगेच्या आधाराने रात्र काढावी. पण सकाळी दंतवैद्याची पायरी चढावी, यातच शहाणपण आहे.