घरांतील जागल्या

पूर्वीं गांवोगांवीं जागल्या असे. सारें गांव निजलें म्हणजे तो काठी आपटीत फिरे आणि कोठें आग दिसल्यास आरोळी ठोके. शहरांतील उंच इमारतींत जागल्या नाहीं. परंतु त्याचेंच काम करणारें बशीएवढें एक पांढरें यंत्र अलीकडे कांहीं घरांच्या छतास लाविलेलें आढळतें. त्यास स्मोक अलार्म म्हणतात. त्याची निगा न राखल्यामुळें आमच्यावर जो प्रसंग ओढवला, तो आमच्या वाचकांच्या घरीं ओढवूं नये, म्हणून हा लेख.

ह्या यंत्राचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यांत एका अंधाऱ्या कप्प्यांत प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. हवा स्वच्छ असतां तो बाजूच्या प्रकाशग्राहकावर पडत नाहीं. धूर आंत शिरला कीं त्याच्या कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, त्यांतील थोडा ग्राहकावर पडतो आणि कर्कश शिटी सुरू होते. कवडशांत धुळीचे कण चमकतांना आपण पाहतों, तोच हा प्रकार. दुसऱ्यांत अमेरिशियम २४१ ह्या किरणोत्सर्गी धातूचा सूक्ष्म अंश असतो. त्याच्या किरणांमुळें हवेंतून विजेचा अगदीं मंद प्रवाह वाहतो, व धुरानें तो मंदावला कीं गजर होतो. धुमसणारी आग पहिला लवकर ओळखतो, भडकणारी दुसरा.

धूर वर चढतो, म्हणून यंत्राची जागा छतास. आणि निजलेल्या मनुष्यास त्याची खरी गरज, म्हणून निजावयाच्या खोलींत व तिच्या बाहेर. वासानें जाग येईल ह्या भरंवशावर कोणीं राहूं नये. झोंपेंत नाक जागें नसतें, आणि धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस तर वासच नाहीं. उलट तो अधिक गुंगी आणतो. आगींत सांपडलेले पुष्कळ लोक ज्वाळेनें नव्हे, धुरानें मरतात.

आमच्या घरीं हें यंत्र स्वयंपाकघराच्या दाराशींच बसविलेलें होतें. फोडणी पडली कीं तें ओरडे. मिरच्या भाजल्या कीं शेजारी धांवत येत. एके दिवशीं त्रासून आम्हीं स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढली व फळीवर ठेविली. सायंकाळीं परत घालणार होतों. ती तेथें तीन महिने राहिली. मग एके रात्रीं बैठकीच्या खोलींत पडद्यामागील एक्स्टेन्शन बोर्ड, ज्यास आम्हीं नको तितकीं उपकरणें जोडिलीं होतीं, तापून वितळला आणि पडदा धुमसूं लागला. आम्ही सर्व गाढ झोंपेंत. दम्यामुळें आजीस मात्र झोंप नव्हती. तिला ठसका लागला आणि तिनें हाका मारिल्या. आम्हीं आधीं मेन स्विच बंद केला, मग पाणी ओतलें. छतावरील जागल्या मुकाट्यानें पाहत होता.

अमेरिकेंतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेच्या गणनेप्रमाणें तेथें घरगुती आगींतील दर ५ मृत्यूंपैकीं सुमारें ३ अशा घरांत होतात, जेथें हें यंत्र नसतें किंवा असून चालत नसतें. न चालण्याचें नेहमींचें कारण काढून ठेविलेली वा संपलेली बॅटरी. तेव्हां यंत्र ओरडतें म्हणून त्याची जीभ कापूं नये; त्यास चुलीपासून १० फूट तरी दूर न्यावें. महिन्यांतून एकदां बटण दाबून पाहावें, धूळ झाडावी, बॅटरी वर्षांतून एकदां बदलावी. मधूनमधून बारीक चिवचिव ऐकूं आली तर ती बॅटरी संपत आल्याची खूण होय. यंत्रास १० वर्षें झालीं कीं नवें आणावें; तारीख त्याच्या पाठीवर असते.

स्वयंपाकाचा गॅस गळल्यास मात्र हें यंत्र मुकेंच राहतें. तो हवेहून जड असल्यानें जमिनीलगत सांचतो. वास येतांच रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या; विजेच्या बटणास हात लावूं नये.

आग आवरण्याजोगी नसेल तर दार ओढून घेऊन जिन्यानें बाहेर पडावें, धुरांत ओणवें चालावें, लिफ्ट टाळावी आणि बाहेर आल्यावर १०१ वर कळवावें. दप्तरासाठीं परत जाऊं नये. परीक्षा जवळ असली तरी.

आतां आमचें यंत्र निजावयाच्या खोलीबाहेर आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आजी आपल्या काठीच्या टोंकानें त्याचें बटण दाबते. शिटी वाजली कीं आम्ही कानांवर हात ठेवतों, आणि ती म्हणते, "ओरडूं दे मेल्याला."