बोलायला उभं राहिलं की पाय का लटपटतात?



*आजचा अभ्यास : सभेची भीती*

बैठकीत अनुभव सांगायची वेळ आली की काय होतं, ते आपल्या प्रत्येक गटाला माहीत आहे. "मला नको, वहिनींना सांगू दे." वहिनी म्हणतात, "आधी काका बोलतील." घरात तासभर बोलणारी माऊली माइक हातात आला की दोन वाक्यांत खाली बसते. समोरच्या एखाद्याला नेमका त्या दिवशी तिचा अनुभव हवा असतो, पण तो तिच्या पोटातच राहतो. म्हणून या भीतीकडे नीट बघूया.

सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळले की शरीराला वाटतं संकट आलं. रक्तात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. वाघ दिसला तर पळायला हीच तयारी कामाला येते. माइकसमोर पळायचं नसतं, मग ती ताकद हातापायांत थरथरत राहते. यात श्रद्धा कमी पडली असं काही नाही. (तसं बोलून दाखवणारे भेटतात, त्यांचं मनावर घेऊ नका.)

आता महात्मा गांधींचं बघा. आत्मकथेत त्यांनी हे स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवलंय. लंडनमध्ये शिकत असताना ते शाकाहारी मंडळाच्या समितीवर होते, पण बैठकीत तोंड उघडत नसे. एकदा व्हेंटनर गावी भाषण लिहून नेलं, जेमतेम एक कागद. उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली, शेवटी सोबतच्या मित्राने ते वाचलं. बॅरिस्टर होऊन मुंबईला आले, तेव्हा लहान दाव्यांच्या कोर्टात पहिला खटला मिळाला, फी 30 रुपये. साक्षीदाराला प्रश्न विचारायला उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली आणि कोर्टातून निघून गेले.

मग 1893 साली प्रिटोरियात ते भारतीय व्यापाऱ्यांपुढे बोलले. आपल्या आयुष्यातलं हे पहिलं जाहीर भाषण म्हणता येईल, असं ते लिहितात. विषय होता व्यापारातला खरेपणा. त्यांनी तयारी केली होती आणि बोलणं जमलं.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पण 1896 मध्ये मुंबईत सर कावसजी जहांगीर सभागृहात भाषण वाचताना पुन्हा अंग कापायला लागलं. फिरोजशहा मेहता "मोठ्याने, मोठ्याने" सांगत होते आणि यांचा आवाज आणखी खाली जात होता. कागद केशवराव देशपांड्यांनी घेतला, पण लोकांनी दिनशा वाच्छांच्या नावाचा गजर केला, म्हणून शेवटी वाच्छांनी वाचून दाखवलं. लोकांनी शांतपणे ऐकलं, टाळ्या दिल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या माणसांचे हाल सभेपर्यंत पोचले, आवाज दुसऱ्याचा असला म्हणून काही बिघडलं नाही.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की भीती एकदा गेली म्हणजे कायमची गेली असं झालं नाही. प्रिटोरियात समोर व्यापारी माणसं होती आणि विषय त्यांच्या रोजच्या धंद्यातला. मुंबईत मोठी सभा, मोठी माणसं. तरी ते बोलायला पुन्हा पुन्हा उभे राहिले. हेच गांधीजी एप्रिल 1930 मध्ये दांडीयात्रा घेऊन आपल्या सुरतेत आले, पुढे डिंडोलीवरून नवसारीकडे गेले, आणि वाटेत गावोगाव लोकांशी बोलत गेले. डिंडोलीत राहणाऱ्यांनी मुलांना हे जरूर सांगावं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती कुणी बोलून दाखवत नाही. आपल्यातले बरेच जण खानदेशातले. घरात अहिराणी, मार्केटात गुजराती-हिंदी, शाळेत मुलांचं काही वेगळंच. मग वाटतं, शुद्ध मराठी आली नाही तर लोक हसतील. अर्धी भीती ही असते! तर आपल्या बैठकीत अहिराणीत बोलावं, मधेच गुजराती शब्द आला तर येऊ द्यावा. कळल्याशी मतलब.

भाषण पाठ करू नका, एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातं. एकच प्रसंग निवडा आणि त्याचं पहिलं वाक्य तेवढं पक्कं करा. उभं राहिल्यावर श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, छातीची धडधड थोडी उतरते. ओळखीच्या एका चेहऱ्याकडे बघून त्यालाच सांगतोय असं बोला. आधी घरच्या चार माणसांत, मग गटात, मोठ्या सभेचं नंतर.

*या आठवड्यात :* प्रत्येक गटात आजवर न बोललेल्या एका साधकाने दोन मिनिटं बोलायचं. कोणी, ते आदल्या दिवशीच ठरवा, ऐनवेळी नाव पुकारू नका. बोलताना कोणी मधेच थांबलं तर शब्द सुचवायची घाई करू नका, मोबाइलमध्ये शूटिंग करू नका. पाण्याचा पेला जवळ ठेवा आणि थांबा.