आबोलीची लागवड

कोकणात आणि गोव्यात ज्या घरी आबोलीची चार झुडपे नाहीत असे घर विरळा. या फुलास वास मुळीच नाही. तरीही वेणीत त्याचा मान मोठा, कारण ते वजनाने हलके असून तोडल्यावर लवकर कोमेजत नाही. हे झुडूप मूळचे दक्षिण भारत व श्रीलंका येथील, अडुळशाच्या कुळातील असून गुडघ्यापासून कमरेपर्यंतच वाढते. परसातील या झाडापासून गुंठा-दोन गुंठ्यांत घरखर्चास हातभार लागू शकतो.

जमीन निचऱ्याची असावी. तांबडी पोयट्याची उत्तम. पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत मुळे कुजतात, म्हणून तेथे उंच वरंबेच करावेत. नारळीच्या विरळ सावलीतही हे पीक येते. कडक थंडी मात्र त्यास सोसत नाही.

बी धरणे ही यातील खरी खुबी होय. पक्व बोंड ओलावा लागताच तडकते व बी दूर उडते. यास्तव कणसे वाळू लागताच सकाळचे दव पडण्यापूर्वी काढून, कापडाखाली झाकून वाळवावीत. गादीवाफ्यावर तयार केलेली रोपे सुमारे दोन महिन्यांनी लावावीत. ‘दिल्ली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीस बी धरत नाही. तिची लागवड छाटाच्या कलमांनीच करावी लागते. तिच्या बियांच्या पुड्या कोणी विकू लागल्यास त्या घेऊ नयेत.

गुंठ्यास सुमारे २५० किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. साध्या जातीस ६० × ३० सेंटीमीटर अंतर पुरते व गुंठ्यात साडेपाचशे रोपे बसतात. ‘दिल्ली’ जात पसरते, तिला ६० × ६० सेंटीमीटर द्यावे. लागवडीनंतर दोन-तीन महिन्यांत फुले सुरू होतात. कणसावर ती खालून वर उमलत जातात. तोडणी एक दिवसाआड, भल्या पहाटे करावी. एका किलोत हजारो फुले भरतात, त्यामुळे मजुरीचा हिशेब आधी मांडावा. घरची माणसे तोडणार नसतील तर मोठे क्षेत्र घेऊ नये, असे आमचे मत आहे.

या पिकाचा मोठा शत्रू सूत्रकृमी होय. पाने फिकट पडून झाड खुंटले की शेतकरी खताचा हात वाढवितो व पैसा वाया घालवितो. अशा वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एक झाड उपटून मुळे पाहावीत. बारीक मुळांवर तपकिरी चट्टे असल्यास दोष खताचा नव्हे. अशा जखमी मुळांतून मर रोगाची बुरशी सहज शिरते. लागवडीपूर्वी गुंठ्यास १० किलो निंबोळी पेंड मातीत मिसळावी. रोगट झाडे मुळांसकट काढून जाळावीत, आणि दोन-तीन वर्षांनी पीक मोडल्यावर त्याच वाफ्यात पुन्हा आबोली न लावता एक हंगाम झेंडू घ्यावा. त्याच्या मुळांमुळे सूत्रकृमी घटतात. रोगट वाफ्यातील रोपे शेजाऱ्यास प्रेमाने देण्याची रीत आहे. ती बंद करावी, कारण मुळांच्या मातीबरोबर हा रोग गावभर जातो.