सेंट किल्डा : समुद्रपक्ष्यांवर जगलेलें गांव

स्कॉटलंडच्या पश्चिमेस बाह्य हेब्रिडीज नांवाची द्वीपमाला आहे. तिच्याही पलीकडे सुमारें ६४ किलोमीटर अटलांटिक महासागर ओलांडला म्हणजे सेंट किल्डाचा लहानसा द्वीपसमूह लागतो. त्यांतील हिर्टा बेटावर निदान दोन हजार वर्षें मनुष्यवस्ती होती. आज तेथें कायमचा रहिवासी एकही नाहीं. हें गांव कशावर जगलें व कां ओस पडलें, याचा विचार आपण येथें करूं.

आपला कोंकणकिनारा पाहिलेल्या वाचकांस वाटेल कीं, हे लोक मासळीवर जगत असतील. परंतु तेथील समुद्र इतका खवळलेला असे कीं होडी लोटणें हेंच मोठें संकट. जमिनींत जव व ओट यांचें थोडेंसें पीक येई, मेंढ्यांपासून लोंकर मिळे. पण खरा आधार कड्यांवर घरटीं करणाऱ्या समुद्रपक्ष्यांचाच होता. गॅनेट, पफिन व फुल्मार हे त्यांतील मुख्य होत. तेथील सर्वांत उंच कडा समुद्रापासून सुमारें ४३० मीटर आहे. अशा कड्यांवरून पुरुष दोराच्या आधारें अनवाणी उतरत. वसंत ऋतूंत अंडीं गोळा करीत आणि ऑगस्टमध्यें फुल्मारचीं पिलें धरीत. जवळ येणाऱ्यावर हा पक्षी तोंडांतून तेल फेंकतो. तेंच तेल त्यांच्या दिव्यांत जळे. पिसें जमीनमालकास खंडादाखल जात. मांस टिकविण्यासाठीं त्यांनीं चुन्यावांचून दगड रचून, वर मातीगवताचें छप्पर घालून कोठारें बांधलीं होतीं. फटींतून वारा खेळे, पाऊस आंत येत नसे. अशीं बाराशेंहून अधिक कोठारें हिर्टावर आहेत.

रोज सकाळीं गांवांतील पुरुष एकत्र जमून त्या दिवसाचें काम ठरवीत. या सभेस अध्यक्ष नसे. मिळालेल्या पक्ष्यांची वांटणी सर्व कुटुंबांत होई. कड्यावर जाऊं न शकणारे वृद्ध व विधवा यांचाही वांटा निघे. ही केवळ दया नव्हे. आज दोरावर लोंबणारा उद्यां स्वतःच असहाय होईल, हें प्रत्येकजण जाणून होता.

मग हें गांव मोडलें कसें? १८५२ मध्यें ३६ लोक ऑस्ट्रेलियास निघाले. त्यांतील पुष्कळजण वाटेंतच मरण पावले. पुढें आगबोटींतून प्रवासी येऊं लागले, बाहेरचें जग जवळ आलें, आणि पहिल्या महायुद्धानंतर तरुण मंडळी एकामागून एक बेट सोडूं लागली. १९३० मध्यें अवघीं ३६ माणसें उरलीं. होडी वल्हविण्यास व मेंढ्या राखण्यास पुरेसे पुरुष राहिले नाहींत. त्या वर्षीं मे महिन्यांत रहिवाशांनीं स्वतःच सरकारास अर्ज केला, आणि २९ ऑगस्ट १९३० रोजीं ‘हेअरबेल’ या जहाजानें त्यांस नेलें. ज्यांच्या बेटावर झाड नव्हतें, अशा कित्येकांस मुख्य भूमीवर वनखात्यांत काम मिळालें! त्यांच्यांतील शेवटची हयात व्यक्ति २०१६ मध्यें वारली. बेट सोडतांना ती आठ वर्षांची होती.

माणसें गेल्यावर घरांतला उंदीर थोड्याच काळांत नामशेष झाला, कारण तो मनुष्याच्या आश्रयानें जगत होता. रानउंदीर मात्र टिकला. तेथील विशिष्ट रेन पक्षी आजही दगडी भिंतींत घरटें करतो. १९३२ मध्यें शेजारच्या सोए बेटावरून आणलेल्या १०७ मेंढ्यांचा वंश हिर्टावर मोकळा चरतो, व शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात. १९८६ मध्यें हें स्थळ जागतिक वारशांत गणलें गेलें.

विद्यार्थिमित्रांनो, कड्यांवर पक्षी पूर्वींइतकेच येत होते. दोर धरणारे हात मात्र उरले नाहींत. शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं आपण गांव सोडतों, त्यांत दोष नाहीं. परंतु मागें दोर कोण धरून आहे, याची विचारपूस आपण अवश्य करीत जावी.